लांब पानाचा चहा आणि अकरा नवी सुपं

"मॅडम, यात फक्त चहाच आहे, एवढं एका ओळीत लिहून द्या," असं म्हणून भोयर साहेबांनी चहाचं पाकीट माझ्या मायक्रोस्कोपला खेटून ठेवलं.

"मी लिहून देत नसते," मी म्हटलं. "आधी बघते, मग दिसेल ते लिहिते. आणि पाकीट त्या बाजूला ठेवा, मायक्रोस्कोपला धक्का लागतो."

ते काही बसले नाहीत. उभ्यानंच रुमालानं मान पुसली आणि मोबाइलवर एक रिपोर्ट उघडून माझ्यापुढं धरला. बाहेरगावच्या एका लॅबचा होता. तीन ओळी. चहाव्यतिरिक्त इतर वनस्पतीचे कण आढळले. पेशींची रचना डाळींच्या सालपटाशी जुळते. भेसळीचा संशय.

मी सरकारी प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं अन्नाचे नमुने मायक्रोस्कोपखाली तपासले. रिटायर झाल्यावर घरी बसणं मला जमेना, आणि खरं सांगायचं तर माझं घरी बसणं नवऱ्यालाही जमेना. म्हणून आता मनीषनगरहून स्कूटीनं एका खासगी लॅबमध्ये जाते. माझं काम सांगायला सोपं आहे. समोर जी पूड, जो चुरा येईल, तो कोणत्या झाडाचा आणि त्या झाडाच्या कोणत्या भागाचा, हे सांगायचं.

लॅबमध्ये नवीन आलेल्या पोरींना मी पहिल्याच दिवशी विचारते, तुम्ही सकाळपासून काय काय प्यायलात, आणि ते झाडाचं काय होतं? चहा म्हटलं की सगळ्या पान म्हणतात. कॉफीला निम्म्या जणी फळ म्हणतात. ती असते त्या फळातली बी. कॉफीत जी चिकोरी घालतात ती बी नाही, पानही नाही, ते भाजून दळलेलं मूळ आहे. गार पाण्यावर चिमूटभर पूड टाकली की कॉफी बराच वेळ तरंगते आणि चिकोरी तपकिरी रेघ ओढत तळाला जाते, हे तुम्ही घरीही करून बघू शकता. कोको बी, उसाचा रस खोडाचा. आपल्याकडं अंबाडीचं लाल सरबत करतात, त्याला सगळे अंबाडीच्या फुलाचं सरबत म्हणतात. फूल तर केव्हाच गळून गेलेलं असतं. आपण पितो ती फुलाखालची मांसल, लाल पाकळीसारखी दिसणारी निदलं. एवढं सगळं पोटात रिचवून माणसाला त्याचं कूळ माहीत नसतं, याचा मला जरा रागच येतो.

भोयरांचं कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत चहा पॅकिंगचं युनिट. आजोबांपासूनचा धंदा, तिसरी पिढी. मी पाकीट फोडत होते तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "मॅडम, ग्रीन टीची पत्ती चुकून मिसळली असंल का? तिचं झाड वेगळं असते नं?"

मी चष्मा काढला. "भोयर साहेब, हिरवा चहा, काळा चहा, सगळं एकाच झुडपाचं पान. खुडल्याबरोबर उष्णता दिली की हिरवं राहतं. चुरगाळून हवेवर ठेवलं की काळपट होतं. छाटलं नाही तर त्या झुडपाचं चांगलं उंच झाड होतं. तीन पिढ्या विकून राहिले तुम्ही, एकदा बागेत जाऊन या."

"जाऊ मॅडम. आधी शुक्रवार तर निघू द्या."

शुक्रवारी काय, ते त्यांनी मग सांगितलं. एका मोठ्या दुकानसाखळीनं त्यांच्याकडून लांब पानाचा चहा घ्यायला सुरुवात केली होती. दाणेदार चहा मशीनवर चाळता येतो. लांब पान मशीनवर तुटतं, म्हणून त्यातल्या काड्या आणि भुगा हातानं काढावा लागतो. त्यासाठी युनिटमध्ये निवडायचा हॉल आहे आणि तिथं अकरा बाया काम करतात. दुकानसाखळीच्या लोकांनी एका बॅचची तपासणी करून घेतली, त्यात हे निघालं. शुक्रवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर माल बंद आणि तक्रार वरपर्यंत, असं त्यांचं पत्र होतं.

"तुम्हाला काय वाटतं, कसं झालं?" मी विचारलं.

"हॉलातच झालं असंल. कमलाबाई आहे आमची, हॉल तीच पाहते. एकोणीस वर्षं झाले तिले. माल शेवटचा तिच्या हातातून जाते. घरी बसवली तिले."

"तिनं काय मिसळलं?"

"ते तुम्ही सांगा नं."

"म्हणजे काय मिसळलं ते माहीत नाही, कशाला मिसळलं ते माहीत नाही, पण कोणी मिसळलं ते माहीत आहे. काय सांगितलंत तिला?"

त्यांनी खाली बघितलं. "सगळ्या बायांसमोर बोललो मी मॅडम. रागात होतो. म्हटलं, तूच काहीतरी टाकून राहिली, अन् तुझ्यापायी ह्या दहा जणीही घरी बसतीन."

मला त्या न पाहिलेल्या बाईबद्दल फार वाईट वाटलं. भेसळ हा शब्द आम्ही रिपोर्टमध्ये दिवसातून दहा वेळा लिहितो. पण एकोणीस वर्षं ज्या हॉलमध्ये मान ताठ ठेवून काम केलं, तिथंच तो शब्द ऐकायचा, हे काही साधं नाही. मी त्यांना त्याच बॅचची सीलबंद पाकिटं आणून द्यायला सांगितलं आणि दाराकडं बोट दाखवलं.

सीलबंद पाकीट आलं ते बुधवारी. चहाचं पान ओळखायला फार अवघड नसतं. एका रसायनात उकळलं की पान पारदर्शक होतं आणि आतलं सगळं दिसायला लागतं. चहाच्या पानात जाड भिंतीच्या, फाटे फुटलेल्या वेड्यावाकड्या पेशी असतात. आम्ही त्यांना स्टोन सेल म्हणतो. त्या दिसल्या की पान चहाचंच. या पाकिटातलं पान न् पान चहाचं होतं, आणि चांगल्या प्रतीचं होतं.

पण तळाशी जो भुगा साठला होता, त्यात पापुद्र्यासारखे फिकट कण होते. एक कण स्लाइडवर घेतला. दाटीवाटीनं उभ्या राहिलेल्या लांबट पेशींची रांग. डाळवर्गाच्या बियांचं साल असंच दिसतं. हरभऱ्याची टरफलं रंगवून चहात घातलेली मी नोकरीत असताना पुष्कळ पकडली आहेत. म्हणजे बाहेरच्या लॅबनं जे लिहिलं ते खोटं नव्हतं. मी उठून पाणी प्यायले आणि परत बसले.

दुसऱ्यांदा बघताना घाई केली नाही. हरभऱ्याच्या सालातल्या पेशी वरून सपाट असतात. या वरच्या बाजूला निमुळत्या होत्या, बाटलीच्या मानेसारख्या. त्यांच्या खालच्या थरातल्या पेशींना वरून बघितलं तर बैलगाडीच्या चाकासारखे आरे दिसत होते. अशी आऱ्यांची पेशी आपल्या स्वयंपाकघरात एकाच बीची असते. मेथीची. मेथीही डाळवर्गातलीच, त्यामुळं बाहेरच्या लॅबची गल्लत कशी झाली तेही कळलं. खात्रीसाठी आणखी दोन कण पाण्याच्या थेंबात ठेवले. थोड्या वेळानं ते फुगले आणि बुळबुळीत झाले. मेथीच.

आता प्रश्न आणखी अवघड झाला. चहात मेथी कोण घालेल? पहिल्या घोटाला कडवट लागेल आणि गिऱ्हाईक पाकीट परत आणून आपटेल. भेसळ करणारा माणूस लबाड असतो, मूर्ख नसतो.

शिवाय त्या पापुद्र्यात नुसती मेथी नव्हती. मेथीच्या कणांना लांब तंतू चिकटलेले होते. तंतूंवर रसायनाचा थेंब टाकला तर ते लालभडक झाले, म्हणजे लाकडाचे. मधूनच काळे ठिपके, काजळीसारखे. चहाचं पान, मेथीची बी, लाकूड आणि काजळी. बत्तीस वर्षांत असली भेळ मी बघितली नव्हती. आधी वाटलं, कोणी हॉलमध्ये मेथीचा लाडू खाल्ला असेल. पण लाडवात लाकूड कुठून येणार? मग वाटलं, पोत्याचे धागे असतील. पण तागाचा तंतू वेगळा दिसतो. संध्याकाळपर्यंत माझ्या वहीत चार शक्यता लिहून चारही खोडल्या होत्या.

गुरुवारी सकाळी मी भोयरांना फोन केला. "मी कळमेश्वरला येते. कमलाबाईंना बोलावून ठेवा."

"तिले कशाले मॅडम?"

"हॉल ती बघते म्हणालात ना? मग मी कोणाला विचारू, तुमच्या वजनकाट्याला?"

मी पोचले तेव्हा कमलाबाई गेटबाहेर उभी होती. पन्नाशीची, काटक, डोक्यावर पदर. भोयर आतून म्हणाले, "ये नं, आत ये." ती जागची हलली नाही.

"ज्या तोंडानं जाय म्हनलं, त्या तोंडानं फक्त ये म्हनून नाई चालत साह्यब," ती म्हणाली. "मॅडमले जे पुसाचं हाय ते इथंच पुसतीन."

मला ती तिथंच आवडली. मी गेटबाहेर गेले. भोयरही मागोमाग आले.

"कमलाबाई, हॉलमध्ये कोणी डबा खातं का? मेथीचा लाडू, भाजी, काही?"

"कोनी नाई. डब्बा आमी भाईर खातो. हॉलात पानीबी नेत नाई कोनी. माह्या हॉलात नाई चालत."

"मग चहात मेथी कुठून आली?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी सूर्य कुठून उगवतो ते विचारलं होतं. "मेथी सापडली व्हय? मेथी त सुपाले लावली होती नं."

"सुपाला?"

"हाव नं. नवे सुपं नाई का आनले साह्यबानं? नवं सूप लिपल्याबिगर कामाचं नाई, फटीतून सारं गळते. मेथी भिजू घालाची, कागुद भिजू घालाचा, दोन्ही वाटून लगदा कराचा अन् लिपाचं. अकराच्या अकरा सुपं आमीच लिपले."

कागद. वर्तमानपत्राचा कागद लाकडाचाच असतो, आणि काजळी म्हणजे त्यावरची शाई. हे सगळं मला माहीत असायला हवं होतं. माझी आई सुपं लिंपायची. मी स्वतः शाळेतून आल्यावर वर्तमानपत्राचे तुकडे बादलीत भिजवलेले आहेत. आयुष्यभर मेथीच्या पेशी मोजत बसले आणि मेथी कशाकशाला लावतात ते विसरून गेले. मला स्वतःचीच लाज वाटली, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की त्या बाईचा हात धरावा असं वाटलं. धरलाही.

"पण लिंपलेलं सूप असं सुटत नाही कमलाबाई. आमच्या घरी वर्षानुवर्षं टिकायचं."

"वाळलं तं टिकते. श्रावनाचे दिवस, आभाळ उघडून नाई राहिलं. म्या साह्यबाले म्हनलं होतं, चार दिस सुपं वाळू द्या, ओलं लिपन मालात जाईन. साह्यब म्हने गाडी लागून राहिली, आजच निवडा."

मी वळून भोयरांकडं बघितलं. "म्हणाली होती?"

ते गेटच्या कडीशी खेळायला लागले. "म्हणाली असंल मॅडम. गडबडीत ध्यान नाही राहिलं."

"आणि नवी सुपं आणायचं कोणी सांगितलं? जुनी काय वाईट होती?"

"दुकानवाल्यांचं ऑडिट झालं होतं. त्यांनीच लिहून दिलं, जुनी सुपं काळी पडली, बदला. त्यांच्या कागदावर आहे."

"तो कागद द्या," मी म्हटलं.

हॉलमध्ये भिंतीवर सुपं ओळीनं टांगलेली होती. प्रत्येकात मधोमध, जिथं माल घोळतो तिथं, लिंपण उडून खालचा बांबू उघडा पडला होता. कडेचा एक पापुद्रा नखानं उचलला. एक बाजू गुळगुळीत. उलटा केला तर पाठीवर बांबूच्या विणीच्या उभ्याआडव्या रेघा उमटलेल्या. एका सुपाचे पापुद्रे मी डबीत भरून घेतले, डबीवर सही केली, भोयरांची घेतली आणि कमलाबाईचीही घेतली. सही करायला मात्र ती आत आली. "हे काम हाय, म्हनून," असं तिनं भोयरांना ऐकवलं.

शुक्रवारची मीटिंग मी माझ्या लॅबमध्ये ठेवली. दुकानसाखळीचे क्वालिटी मॅनेजर अमित सर आले. माझ्या मुलापेक्षा लहान, कामात पक्के, आणि मनात निकाल ठरवून आलेले. भोयर कोपऱ्यात बसले होते.

"मॅडम, चहात चहा सोडून दुसरी वनस्पती आहे, हे तुम्हीही मान्य करता ना?" त्यांनी सुरुवात केली.

"करते. मेथी आहे."

"मग विषय संपला. भेसळच झाली."

"भेसळ म्हणजे फायद्यासाठी मुद्दाम मिसळणं. चुकून काही पडलं तर त्याला आपण कंटॅमिनेशन म्हणतो. दोन्ही वाईट, पण एकात माणूस चोर ठरतो. हे दोन मायक्रोस्कोप बघा. एकाखाली तुमच्या बॅचच्या सीलबंद पाकिटातला कण आहे. दुसऱ्याखाली युनिटमधल्या सुपावरून काढलेलं लिंपण. कोणतं कुठलं ते सांगा."

ते बसले. एका डोळ्यानं, मग दुसऱ्या डोळ्यानं. इकडून तिकडं, तिकडून इकडं. भोयरांनी तेवढ्यात दोनदा पाणी मागितलं. शेवटी अमित सरांनी मान वर केली. "नाही सांगता येत."

"मलाही नाही आलं. चिठ्ठी लावून ठेवली म्हणून कळतं." मग मी त्यांना पापुद्र्याची पाठ दाखवली, साध्या भिंगाखाली. पाकिटातल्या पापुद्र्यावरही त्याच विणीच्या रेघा होत्या. "भेसळ करणारा मेथी घालेल, एक वेळ मान्य. पण तो मेथीत वर्तमानपत्र वाटेल, त्याचा पापड थापेल आणि त्याच्या पाठीवर बांबूची वीण उमटवेल का?"

ते हसले. पण माणूस चिवट होता. "ठीक आहे मॅडम. पण मग प्रोसेस बदलली कशाला? इतकी वर्षं जी सुपं चालत होती ती बदलायची काय गरज होती?"

याच प्रश्नाची मी वाट बघत होते. त्यांच्याच कंपनीचा ऑडिटचा कागद मी पुढं सरकवला. मुद्दा सातवा, जुनी सुपं तातडीनं बदलावीत. त्यांनी तो वाचला, पान उलटलं, खालची सही बघितली. त्यांचे कान लाल झाले.

"ही सही माझीच आहे," ते म्हणाले.

मग तेच आधी हसले, आणि त्यांच्यामागं भोयरही हसले. माझ्याबद्दल विचाराल तर मला त्या घडीला टेबलावर चढून नाचावंसं वाटत होतं. गुडघे साथ देत नाहीत म्हणून नाचले नाही.

मी रिपोर्टमध्ये कोणालाच सोडलं नाही. बॅच दूषित आहे, ती पुन्हा निवडल्याशिवाय विकू नये, असं स्पष्ट लिहिलं. पण भेसळीचा पुरावा नाही, हेही तितकंच स्पष्ट लिहिलं. अमित सरांनी तिथंच बसून वरिष्ठांना मेल केला. माल बंद करायचा निर्णय मागं घेतला गेला. सुपांच्या जागी स्टीलचे पसरट ट्रे वापरायचं ठरलं.

भोयरांनी माझ्यासमोरच कमलाबाईला फोन लावला. "कमलाबाई, झालं सगळं. उद्यापासून ये कामावर."

पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "फोनवर नाई साह्यब. जिथं बोलले तिथं बोला."

शनिवारी मला काही काम नव्हतं तिथं. तरी गेले. दहा बाया हॉलमध्ये उभ्या, कमलाबाई दाराशी. भोयरांनी रिपोर्ट हातात धरला आणि मोठ्यानं वाचायला लागले. भेसळीचा कोणताही पुरावा नाही, इथं आल्यावर थांबले आणि कागद खाली करून म्हणाले, "मी सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. चूक माझी होती. कमलाबाई, माफ कर."

मग त्यांनी कागदाची घडी घालायला घेतली.

"थांबा साह्यब," कमलाबाई म्हणाली, आणि माझ्याकडं वळली. "मॅडम, सुपं वाळू द्या म्हनून म्या सांगतलं होतं, थे लिवलं का नाई तुमी?"

"लिहिलंय. दुसऱ्या पानावर."

"मंग दुसरं पान वाचा."

भोयरांनी घडी उलगडली आणि वाचलं. सुपं पूर्ण वाळू देण्याची सूचना निवड विभागाच्या प्रमुख कमलाबाई यांनी आधीच केली होती; ती पाळली गेली नाही. मागून एक बाई ओरडली, "प्रमुख म्हनते वं तुले, कमले!" आणि हॉल हसण्यानं भरून गेला. कमलाबाईनं पदरानं डोळे पुसले, चपला बाहेर काढल्या, आत आली आणि थेट ढिगाशी बसली. "चाला वं, बॅच पुन्हा निवडाची हाय," ती म्हणाली.

बॅच दोन दिवसांत निवडून झाली. मी तिची परत तपासणी केली. मेथीचा एक कणही सापडला नाही. दुकानसाखळीकडं भोयरांचा चहा अजून जातो, आणि कमलाबाई हो म्हणाल्याशिवाय गाडी भरत नाहीत.

मी मात्र त्या केसनंतर कामाची पद्धत बदलली. पूर्वी आधी स्लाइड लावायची आणि अडलं तर माणसांकडं जायची. आता आधी जो हातानं काम करतो त्याला विचारून येते, मग स्लाइड लावते. दोन दिवस वाचतात.